सासऱ्यांना एकट्याने नाटक लावता यावं म्हणून घेतलेला युनिव्हर्सल रिमोट: आठ महिन्यांचा अनुभव

दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. गुडघे चालत होते तोवर इथल्या, इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेचं एकही नाटक त्यांनी चुकवलं नाही. आता नाटक घरीच, टीव्हीवर. गाणंही घरीच. अमीर खाँसाहेब इंदूरला वाढलेले, दादांच्या बोलण्यात ते रोज एकदा तरी येतात, आणि त्यांचा खर्ज टीव्हीच्या बारीक स्पीकरवर ऐकणं दादांना मान्य नाही. आमच्याकडे फाइव्ह पॉइंट वनचं होम थिएटर आहे, त्यावरच ऐकायचं.

हे सगळं मुलाने बसवलं होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आमचे हे सकाळी पीथमपूरला जातात ते रात्री आठला परततात. मी बँकेत. घरी दादा, आई आणि टीपॉयवर पाच रिमोट: टीव्हीचा, रिसिव्हरचा (होम थिएटरचे स्पीकर चालवणारा डबा), सेट टॉप बॉक्सचा, स्ट्रीमिंग स्टिकचा (टीव्हीवर इंटरनेटवरचं दाखवणारी कांडी) आणि जुन्या सीडी प्लेअरचा. नाटक लावायचं तर टीव्ही चालू करा, रिसिव्हर चालू करा, योग्य इनपुट (कुठल्या यंत्राचं चित्र-आवाज घ्यायचं ते) निवडा, स्टिकचा रिमोट शोधा आणि आवाजासाठी परत रिसिव्हरचा रिमोट हातात घ्या. एक पायरी चुकली की चित्र दिसतं पण आवाज नाही, नाहीतर आवाज येतो आणि पडदा काळा. दादा मला बँकेत फोन करत नसत. टीव्ही बंद ठेवून खुर्चीत बसून राहत. आईंनी हे मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. मला फार लागलं ते. सगळ्या यंत्रांना चालेल असा एकच, म्हणजे युनिव्हर्सल, रिमोट घ्यायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगते, कारण बरेच जण तिथेच पैसे घालवतात. जेल रोडच्या डॉलर मार्केटमधून साडेतीनशे रुपयांचा ‘लर्निंग’ रिमोट आणला, म्हणजे दुसऱ्या रिमोटची बटणं शिकून घेणारा. दुकानदार म्हणाला, “भाभीजी, ये सब सीख लेता है.” टीव्ही आणि बॉक्स तो खरंच शिकला. स्टिकचं मात्र एकही बटण घेईना. मी तासभर रिमोट समोरासमोर धरून बसले होते. कारण नंतर कळलं. टीव्ही, रिसिव्हर, बॉक्स यांचे रिमोट इन्फ्रारेडवर चालतात, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा. स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो. तिथे प्रकाशच नाही, तर शिकणार काय? तुमच्याकडचा रिमोट कुठल्या जातीचा ते बघायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा पुरतो. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका चमकला तर इन्फ्रारेड. (मागच्या कॅमेऱ्यात बहुधा फिल्टर असतो, त्यात दिसेलच असं नाही.) दुकानात जायच्या आधी घरातल्या सगळ्या रिमोटवर हे करून घ्या.

मग मुलाशी बोलून ऑनलाइन मागवला तो हा. इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ दोन्ही, खरीखुरी रबरी बटणं, सेटिंग मोबाइलच्या ॲपवरून. सहा हजारांच्या आसपास पडला. मुलगा शाळेत असल्यापासून हार्मनीचं नाव घ्यायचा, पण लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं एप्रिल २०२१ मध्ये थांबवलं. जुने मिळतात, पण त्यांचं सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. दादांची सोय त्यावर टांगून ठेवायला मन तयार होईना. टचस्क्रीनवालेही दोन पाहिले. ज्याला नीट दिसत नाही त्याला बोटाने चाचपता आलं पाहिजे, या एका गोष्टीवर ते बाद झाले.

सेटिंगला दोन रविवार गेले. टीव्ही आणि बॉक्स मॉडेल नंबर टाकल्यावर पाच मिनिटांत बसले. रिसिव्हरच्या नावाने ॲपमध्ये तीन नोंदी होत्या. तिसऱ्या नोंदीवर आवाज कमी-जास्त व्हायला लागला, पण इनपुटची बटणं चालेनात. ती मूळ रिमोटवरून शिकवावी लागली. शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये तीन-चार बोटांचं अंतर ठेवायचं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढायचा, उन्हातही इन्फ्रारेड असतंच. आणि बटण टचकन दाबून सोडायचं. मी आधी नीट घेतलं जावं म्हणून दाबून धरत होते, तेच चुकत होतं. एनईसी नावाची जी पद्धत पुष्कळ उपकरणं वापरतात, तिच्यात बटण धरून ठेवलं की पूर्ण निरोप एकदाच जातो. त्यानंतर दर ११० मिलिसेकंदांनी नुसती ‘तेच चालू’ अशी छोटी खूण जात राहते. नवा रिमोट कधीकधी ती खूणच शिकून बसतो. मग बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि घडत काहीच नाही.

सीडी प्लेअरने वेगळाच त्रास दिला. त्याचं ‘पुढचं गाणं’ एकदा चाले, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर प्लेअर ढिम्म. मला वाटलं प्लेअरच म्हातारा झाला. पण मूळ रिमोटवर नीट चालत होता. तो प्लेअर आरसी-५ या फिलिप्सने काढलेल्या पद्धतीवर आहे. तिच्यात प्रत्येक नव्या दाबाला निरोपातला एक बिट (शून्य किंवा एकचा आकडा) उलटतो, त्यावरून यंत्राला कळतं की बटण परत दाबलंय की अजून धरूनच ठेवलंय. शिकवलेल्या बटणात तो बिट गोठून जातो, त्यामुळे प्लेअर दुसरा दाब पहिल्याचाच भाग समजतो. शिकवलेलं पुसून ॲपच्या यादीतला तयार कोड लावला आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून माझा नियम असा की यादीत कोड मिळत असेल तर आधी तो, शिकवणं शेवटी.

आता खरी डोकेदुखी. या रिमोटवर एका बटणाला कामांची मालिका लावता येते. मी ‘नाटक’ नावाची मालिका केली: टीव्ही चालू, रिसिव्हर चालू, इनपुट, मग स्टिकचं मुख्य पान. दाबलं. टीव्ही लागला, रिसिव्हर लागला आणि दोन सेकंदांत रिसिव्हर बंद. परत दाबलं, तर टीव्ही बंद आणि रिसिव्हर चालू. हा खेळ एक अख्खी संध्याकाळ चालला.

दोष रिमोटचा नव्हता. टीव्ही आणि रिसिव्हर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलमध्ये एक तार अशी असते जिच्यावरून यंत्रं आपापसांत बोलतात, तिला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या मेन्यूत मात्र हे नाव सापडेलच असं नाही. सॅमसंगवर ते ‘ॲनीनेट प्लस’ असतं, सोनीवर ‘ब्राव्हिया सिंक’, एलजीवर ‘सिंपलिंक’. आमचा टीव्ही जागा झाला की या तारेवरून रिसिव्हरला उठवत होता. तेवढ्यात माझ्या मालिकेतला निरोप पोचायचा. रिसिव्हरच्या मूळ रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण आहे, म्हणून चालू झालेला रिसिव्हर त्या निरोपाने बंद व्हायचा.

मी सीईसी बंद करून पाहिलं. टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे यायचाच थांबला, कारण तो एआरसीवरून येतो. एआरसी ही एचडीएमआयची २००९ मध्ये १.४ आवृत्तीबरोबर आलेली सोय, आणि बऱ्याच टीव्हींवर ती सीईसीशी बांधलेली असते. मग सीईसी परत चालू केलं आणि मालिकेतून रिसिव्हर काढला. नाटक छान लागायला लागलं, पण दादांना सीडी ऐकायची तर तेव्हा टीव्ही बंद, मग रिसिव्हरला उठवणार कोण? शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, “आई, यादीत ‘पॉवर ऑन’ आणि ‘पॉवर ऑफ’ वेगळे आहेत का बघ.” होते! मूळ रिमोटवर नसलेले, पण रिसिव्हरला समजणारे दोन स्वतंत्र कोड. ‘ऑन’ दहा वेळा पाठवला तरी चालू यंत्र बंद होत नाही. ते दोन कोड लावले आणि सगळं जागेवर आलं. तुमचा रिमोट कुठल्याही कंपनीचा असो, मालिका करण्याआधी हे वेगळे कोड शोधा. माझा एक रविवार वाचला असता.

टीव्हीचे तसे कोड मला मिळाले नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात लाइट जाऊन आली की घोटाळा होतो. टीव्ही बंद झालेला असतो, रिमोटला वाटतं चालू आहे. अशा वेळी टीव्हीचं एकटं बटण एकदा दाबावं लागतं. आईंना ते शिकवलंय, त्या करतात.

दोन कामांमधलं अंतरही मालिकेत ठरवता येतं, तिथे हात सैल ठेवा. आमच्या रिसिव्हरला जागं व्हायला पाचेक सेकंद लागतात, त्याच्या आत पाठवलेलं इनपुट वाया जातं. पण अंतर वाढवलं की दुसरी अडचण येते. दादा बटण दाबून रिमोट लगेच मांडीवर पालथा ठेवायचे. मालिका अर्धीच पोचायची, कारण इन्फ्रारेडला समोर वाट लागते. त्यांना म्हटलं, “दादा, बटण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत रिमोट टीव्हीकडे धरून ठेवायचा.” त्यांनी विचारलं, “आणि मोजून झालं की नाटक सुरू?” मी हो म्हणाले, पण मला ते पटेना. त्यांच्या हाताला कंप आहे. म्हणून इन्फ्रारेडची कामं सगळी पुढे घेतली आणि स्टिकचं ब्लूटूथचं काम अगदी शेवटी ठेवलं, त्याला रोख लागत नाही. आता सात आकडे पुरतात. शिवाय रिसिव्हरच्या कपाटाला काळपट काच होती, ते दार काढूनच ठेवलं. निरोप पोचायला लागला आणि रिसिव्हर तापायचाही कमी झाला.

बटणं ओळखण्यासाठी आईंनी आपली टिकली ‘नाटक’च्या बटणावर चिकटवली. चार दिवसांत पडली. मग मी नेलपॉलिशचा जाडसर थेंब टाकून वाळवला: नाटकाला एक थेंब, सीडीला दोन, बंद करायच्या बटणाला आडवी रेघ. थेंब मात्र दर दोन महिन्यांनी परत द्यावा लागतो.

तक्रारी आहेत. बटणांमागे उजेड नाही. ॲप फक्त इंग्रजीत, दादांच्या वयाचं कोणी ते एकट्याने लावू शकणार नाही. सेल ट्रिपल-ए दोन लागतात आणि ब्लूटूथमुळे तीन महिन्यांत संपतात. रिचार्जवाले घातले तर त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असल्याने पहिल्याच आठवड्यात ‘सेल कमी’ची खूण लागली, म्हणून साधे अल्कलाइनच वापरते. एसी यावर आणायचा प्रयत्न सोडून दिला. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, पंखा, मोड असं सगळं एकदम पाठवतो, त्यामुळे शिकवलेलं एक बटण म्हणजे एकच ठरलेली अवस्था. आम्ही ‘२६ अंश’ आणि ‘बंद’ एवढी दोनच शिकवली आहेत.

घरी नुसता टीव्ही आणि साउंडबार असेल तर हा रिमोट घेऊ नका. सीईसी चालू करा, टीव्हीच्याच रिमोटवर आवाज चालतो आणि सहा हजार वाचतात. तीनपेक्षा जास्त यंत्रं असतील, त्यातलं एक जुनं असेल आणि घरात असं कोणी असेल ज्याला नीट दिसत नाही, तर जरूर घ्या. पण सेटिंगसाठी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि जो वापरणार आहे त्याला पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा. मी पहिल्या रविवारी दादांना झोपू दिलं आणि सगळं माझ्या हाताच्या सवयीने लावलं. दुसऱ्या रविवारी अर्धं मोडून पुन्हा करावं लागलं.

जुने रिमोट टाकलेले नाहीत. आतले सेल काढून, गळू नयेत म्हणून, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून डब्यात ठेवलेत. कपाटाच्या आत एक कागद लावलाय, त्यावर मालिकांचा क्रम आणि अंतरं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. ॲप कधी बंद पडलं तर मुलाला पुण्याला फोन करून विचारायला नको.

काल बँकेतून साडेसहाला आले. फाटकापाशीच तबल्याचा ठेका ऐकू आला. दादांनी सीडी लावली होती, आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होत्या, “अहो, जरा कमी करा!”