पातळ थर मोजायचा कसा: स्पेक्ट्रोफोटोमीटर की एलिप्सोमीटर?

काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा, म्हणजे सौर सेलमध्ये प्रकाश शोषणाऱ्या अर्धवाहकाचा, थर चढवला की पहिला प्रश्न बँडगॅपचा, म्हणजे किमान किती ऊर्जेचा प्रकाश तो शोषतो याचा. त्यासाठी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. आरपार गेलेला आणि परावर्तित प्रकाश मोजायचा, जाडी घालून शोषण गुणांक (थर प्रकाश किती जोरात शोषतो त्याचं माप) काढायचा, टाउक आलेख (शोषण आणि प्रकाशाची ऊर्जा यांचा आलेख, ज्यातून बँडगॅप वाचतात) मांडायचा, उत्तर १.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतं. मात्र परावर्तन न मोजता फक्त आरपार प्रकाशावर भागवणं मला पटत नाही. परावर्तनात गेलेला प्रकाशही मग शोषणात धरला जातो. थर खडबडीत असेल तर विखुरलेला प्रकाश पकडायला इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा आतून पांढरा पोकळ गोल, हवाच.

एलिप्सोमीटर तिरप्या परावर्तनात प्रकाशाचं ध्रुवीकरण कसं बदलतं ते टिपतो. त्यातून जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही मिळतात, अगदी काही नॅनोमीटरच्या थराचेही. पण थेट नव्हे: आधी थरांचं गणिती मॉडेल बांधावं लागतं, आणि चुकीचं मॉडेलही मोजमापाशी छान जुळू शकतं! म्हणून जाडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद घेऊन पडताळावी. काचेच्या मागच्या बाजूचं परावर्तन टाळायला तिथे अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावतात.

रोजच्या नमुन्यांना मी स्पेक्ट्रोफोटोमीटरच वापरेन. संपूर्ण सौर सेलचं प्रकाशीय गणित मांडायचं असेल, तर एलिप्सोमीटरला पर्याय नाही.