"शंभर तास वाजू द्या सर": बनावट इअरफोनमध्ये गेलेले ६,७८० रुपये

आधी आकडे सांगून टाकतो. इअरफोनचे ४,८५०. 'चांदीचा मुलामा दिलेली वायर' म्हणून वरचे ६००. पॅकिंग-कुरियरचे १५०. आणि नंतर, 'बदलून देतो' म्हणत काढलेले १,१८०. एकूण ६,७८०. लोकांचे लाखांनी जातात, त्यापुढं ही चिल्लर आहे, हे पोलिसांनी मला ऐकवून झालंय. तुम्ही परत ऐकवू नका.

मी लातूरला असतो. सप्ताहातली कीर्तनं, भजनं रेकॉर्ड करायची, आवाज साफ करायचा आणि मंडळांना फाईल द्यायची, हे माझं काम. कुठला माईक घ्यावा, कुठला घेऊ नये, हे गावोगावचे लोक मला फोन करून विचारतात. त्यामुळं आवाजाच्याच वस्तूत मी फसलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. गप्पच बसणार होतो. पण ॲपवरच्या ज्या विक्रीच्या पानावरून मी घेतले, त्याच पानावरून क्लासला आलेल्या पोरांनी घेतलेले तसलेच नग दुरुस्तीच्या टेबलावर पडलेले बघितले आणि राहवलं नाही. पोरांनी घरून मेसच्या नावानं मागवलेले पैसे होते ते.

पानाचं नाव देत नाही, कारण ते बदलत राहतं. कंपनीचंही नाव देत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही, तिच्या नावाचा नकली माल विकला गेलाय. जाहिरात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे: कस्टममध्ये अडकलेला माल, शेवटचे थोडेच नग, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. पुढं बोलू.

मला हवं होतं ते एक नावाजलेलं वायरवालं मॉडेल. त्यात प्रत्येक कानात पाच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले स्पीकर: खर्जासाठी एक डायनॅमिक, म्हणजे पडदा हलवणारा, आणि वरच्या सुरांसाठी चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे धातूच्या डबीतले बारके. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये खाली पखवाजाची धूम आणि वर पंचवीस जणांचे टाळ, मधे बुवांचा गळा. साध्या इअरफोनमध्ये टाळ सगळ्यांवर चढतात आणि काय कापायचं, काय ठेवायचं ते कळत नाही. म्हणून हे मॉडेल. अधिकृत किंमत ९,९९०. निम्म्यात मिळतंय म्हणून हुरळलो असं कुणी म्हणू नये. डेमो पीस निम्म्या किमतीत निघतात, मी स्वतः असा मिक्सर घेतलाय आणि तो अजून चालतोय.

आणि तपासलं नाही असंही नाही. खोका सीलबंद होता. होलोग्राम होता. क्यूआर स्कॅन केला तर हिरवी खूण आणि 'अस्सल उत्पादन' अशी अक्षरं आली. आता कळतंय की ते पानही त्यांचंच. क्यूआर कुणालाही छापता येतो आणि तो छापणाऱ्याला हवं तिथंच नेतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाईप करून तिथं नंबर टाका, नाहीतर स्कॅन करूच नका. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, एमआरपीही नव्हती. पॅकबंद मालासाठी २०११ चे वैधमापनाचे नियम आहेत, त्यांनुसार हे दोन्ही छापावं लागतं. पण कस्टममधला माल म्हटल्यावर ते नसणारच, असं कुणालाही वाटेल. जाहिरातीत 'कस्टम' हा शब्द त्यासाठीच घातलेला असतो.

आता त्या क्षणाकडं येतो. हा क्षण आठवला की अजून डोकं फिरतं.

पहिल्यांदा कानात घातले, कीर्तनाची फाईल लावली. बुवांचा आवाज डोक्याच्या मधोमध यायला पाहिजे, तो मधे नव्हताच. दोन्ही बाजूंना पांगलेला, पोकळ. पखवाज असून नसल्यासारखा. आधी वाटलं रबराची टोपी सैल बसलीय. कानात नीट दाटून बसलं नाही तर कितीही महागडा इअरफोन असो, खर्ज उडतो. टोप्या बदलल्या, फोमच्या लावल्या. फरक शून्य. भाचा शेजारी होता, बारावीला आहे. त्यानं एक गाणं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यात कायतरी उलटं वाजू लालंय." मी त्यालाच म्हटलं, तू अभ्यास कर.

उलटंच वाजत होतं! एका कानातल्या ड्रायव्हरच्या वायरींचे दोन टाके उलटे जोडलेले. एका बाजूचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मागं जातो. स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या की हे होतं, मांडवात मी ते लांबून ओळखतो. इथं विक्रेत्याला मेसेज केला, तर लगेच उत्तर आलं: "सर, मल्टी ड्रायव्हर आहे. शंभर तास वाजू द्या, मग बघा कसं खुलतं." सोबत एक फाईल, नुसत्या खरखरीची, रात्रभर लावून ठेवायला.

मी लावली. का लावली? कारण ही थाप त्यानं शोधलेली नाही. 'बर्न-इन' म्हणून ती जगभर चालते, चाळीस हजारांचे इअरफोन वापरणारेही शपथेवर सांगतात. शिवाय नवी पेटी वाजवून वाजवून मोकळी होते हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण नेमकं काय खटकायला पाहिजे होतं ते सांगतो. बर्न-इन मानणारे ते डायनॅमिक ड्रायव्हरबद्दल मानतात, आर्मेचरला ते लागतं असं त्यांच्यातलेही फारसे कुणी म्हणत नाहीत. आणि ड्रायव्हरमध्ये जो काही बदल होतो तो नगण्य. बहुतेक वेळा आपला कानच त्या आवाजाला सरावतो. उलटा टाका शंभर काय, लाख तास वाजवला तरी सुलटा होत नाही.

खरी गोम हिशोबात आहे. शंभर तास म्हणजे चार दिवस चार तास, तेही एक क्षण न थांबता. रोज रात्री आठ तास धरले तर साडेबारा रात्री. परत करायची मुदत सात दिवस. बस, एवढाच धंदा आहे. विक्रेता 'अजून वाजू द्या' म्हणाला की त्याच मिनिटाला परत पाठवायची विनंती टाका, वाजवत बसू नका.

मधल्या काळात त्यानं सांगितलं की फोनमध्ये ताकद कमी पडतेय, डोंगल लावा, म्हणजे फोन आणि इअरफोनच्या मधे जोडायचं छोटं यंत्र. मी १,१५० चा डोंगल आणला, इथल्याच दुकानातून, पक्क्या बिलावर. हे पैसे वरच्या हिशोबात धरले नाहीत, कारण तो डोंगल चांगला निघाला. पण कानात पोकळ ऐकू येतंय म्हणून मी एका सप्ताहाच्या फाईलमध्ये पखवाजाचा खर्ज चढवत गेलो. ती फाईल औसा तालुक्यातल्या एका देवळात मोठ्या स्पीकरवर लागली. महाराजांचा फोन आला: "बाळा, आमचा आवाज विहिरीतून आल्यावानी का येतोय? नुसता पखवाजच दणाणतोय." त्या मंडळाला सगळं काम फुकटात परत करून दिलं.

पुढं एका कानातून वायरची पिन उपसून फिरवून खोचली. ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना असतात, कुठल्याही बाजूनं बसतात. कानामागचा वायरचा वळसा उलट्या दिशेला गेला, पण पखवाज आला, गळा मधे आला. दोष सिद्ध झाला! आनंदानं व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर: "सर, तुम्ही पिन उलटी लावली, वॉरंटी संपली." म्हणजे दोष सापडला हाच माझा गुन्हा. म्हणून सांगतो, कशालाही हात लावायच्या आधी जसं आहे तसं वाजवून, बोलून व्हिडिओ काढा. खोका उघडतानाचा काढता, तसाच हाही.

तोवर टिकाऊपणाचीही लक्षणं दिसायला लागली. एका कानाच्या नळीची जाळी रबरी टोपीसोबत निघून आली, डिंकाच्या एका थेंबावर होती. उजवा सॉकेट ढिला, मान वळवली की आवाज गायब. 'चांदीची' वायर जॅकपाशी तुटली. लातूरचा मे महिना, घाम येणारच. तर म्हणाला, घाम म्हणजे पाणी आणि पाणी लागलं की वॉरंटी नाही. कानात घालायची वस्तू आणि घाम चालत नाही!

मग मी तक्रारीची भाषा केली तसा तो गोड झाला. बदलून देतो, फक्त १,००० अनामत आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०, नवा नग निघाला की अनामत परत. अनामतीवर कसला जीएसटी? पण ५,६०० अडकलेला माणूस १,१८० देतो. तुम्हीही दिले असते. त्यानंतर मेसेज आपोआप पुसले जायची सोय त्यानं चालू केली, आणि मग नंबरच बंद. मेसेज पुसायची सोय समोरच्यानं चालू केली की व्यवहार तिथंच थांबवा आणि आहे तेवढ्याचे फोटो काढून ठेवा.

गंजगोलाईजवळ मोबाईल दुरुस्त करणारा मित्र आहे, त्यानं ब्लेडनं खोळ उघडली. आत एक ड्रायव्हर. बाजूला चार चकचकीत डब्या चिकटवलेल्या, एकीलाही वायर नाही. पाच ड्रायव्हर दिसावेत म्हणून पारदर्शक खोळीमागं मांडलेली आरास. विजेचा रोध मोजायचा मल्टिमीटर लावला तर डावीकडं १४ ओहम, उजवीकडं ३१. एकाच जोडीत दोन वेगळे ड्रायव्हर, जे हाताला लागले ते. वायर सोलून लोहचुंबक धरला तर धागे चिकटले. चांदी चिकटत नाही, तांबंही नाही. नुसत्या जॅकवर चुंबक लावू नका, त्याच्या मुलाम्यात निकेल असू शकतं आणि चांगला जॅकही चिकटेल. सोललेला धागा बघा. मल्टिमीटर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडं असतो. दोन्ही कानांचे आकडे जवळपास सारखे यायला पाहिजेत. मित्रानं पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "आधी मला दाखवायचं नाव्हं का भाऊ."

आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, वस्तू मिळाली का? मिळाली. मग फसवणूक कशी? मी म्हटलं, ४२०. तर साहेब म्हणाले, ४२० गेलं, आता ३१८ आहे. बरोबर, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मग ३१८ लावा! तर हद्द आमची नाही, पाठवणारा बाहेरचा आहे. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी मोबाईलवर काढून दाखवलं. ते वाचलं नाही, माझ्याकडं बघितलं. चॅटच्या प्रिंट आणा. आणल्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा. जोडलं. मग म्हणे, ऑनलाईन आहे ना, ऑनलाईन टाका. टाकलं. तर पैसे जाऊन फार दिवस झाले, आता खातं गोठवून उपयोग नाही. ही गोष्ट मात्र खरी आहे: पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तरच समोरच्या खात्यातली रक्कम अडवायची काही आशा असते. पण मला वस्तू मिळाली होती! बनावट आहे हे कळेपर्यंत मी १९३० ला काय सांगणार होतो, खर्ज कमी येतोय म्हणून?

बँकेत गेलो. पैसे कुणाच्या खात्यात गेले ते दिसतंय, नाव-पत्ता द्या. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र नाही. गुन्हा का दाखल नाही? आरोपीचा पत्ता नाही. पत्ता कुठं आहे? बँकेत. अनोळखी इसमावर गुन्हा दाखल होतो हे रोजच्या पेपरात छापून येतं, पण ते सांगायला गेलं की आपण शहाणे. कुरियरच्या चिठ्ठीवर एक दुकान नंबर आणि पिनकोड, बाकी काही नाही. त्यांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, पोचवणं आमचं काम. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांना कळवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यायचा असं लिहिलंय. मला यंत्रानं लिहिलेली ओळ आली: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. तुमच्या नियमांचा नसेल, देशाच्या कायद्याचं काय?

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सोडू नका. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. माझी गाडी अडलीय ती नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची इथं. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याचा जीएसटी नंबर मागा आणि सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. नाव, पत्ता तिथंच दिसतो. देत नसेल तर तुमच्याकडं उद्या नोटीस पाठवायला जागा नसेल.

परवा भाच्यानं नवं पान दाखवलं. नाव वेगळं, फोटो तोच, खोका धरलेल्या अंगठ्याचं नख तसंच चिरलेलं. किंमत आता २,९९९. खाली ठळक अक्षरांत: 'शंभर तास बर्न-इन करून पाठवू.' त्याचे वेगळे ४९९.