परभणीत ज्येष्ठांसाठी मोबाईलचा वर्ग: मॅडम आपल्या फोनला हात लावत नाहीत

वसमत रोडवर ज्येष्ठांना मोबाईल शिकवणारा एक वर्ग चालतो. मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होतो. आगारातल्या दोस्तानं सांगितलं म्हणून नाव घातलं. फी महिन्याला ५०० रुपये. पैसे वसूल आहेत.

इथली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मॅडम आपल्या फोनला हात लावत नाहीत. घरी लेकरांना विचारलं की फोन ओढून घेतात, भराभर बोटं फिरवतात अन् "झालं बघा" म्हणून परत देतात. आपल्याला कळतं काय? काहीच नाही. इथं मॅडम हात मागं बांधून शेजारी उभ्या राहतात. "मामा, काय लिहिलंय ते आधी वाचा. मग दाबा." चुकलं तर मागं कसं यायचं, तेही आपणच शोधायचं.

माझं काम होतं हयातीच्या दाखल्याचं, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याच्या दाखल्याचं. आमची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन; दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, मग पुन्हा द्यायचा. सगळी नोकरी पाने, ग्रीस अन् डिझेलमध्ये गेली, अंगठ्याच्या रेषा झिजल्या. मशीन ठसाच घेत नाही. एका केंद्रावर तर दरवर्षी "उद्या या" ठरलेलं. वर्गात समजलं की चेहरा दाखवूनही दाखला निघतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन अ‍ॅप लागतात. आधी फोन चालवणाऱ्याची ऑपरेटर म्हणून नोंद, मग पेन्शनरची माहिती, मग कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप. उजेड तोंडावर पाहिजे, पाठीमागं खिडकी नको. एका फोनवरून दुसऱ्याचाही दाखला काढता येतो, म्हणून मॅडमनी आमच्या जोड्या लावल्या. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका काकांचा दाखला मी काढला. त्यांच्या फोनवर प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज आला, तो त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. फार बरं वाटलं.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे तर रोज घोकून घेतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

तक्रार दोन गोष्टींची. वर्ग पहिल्या मजल्यावर अन् जिन्याला कठडा नाही. गुडघेवाल्यांचे हाल होतात. दुसरं, हातात देतात तो कागद इंग्रजीत, तोही बारीक अक्षरात. मराठीत मोठ्या टायपात छापा, खर्च आम्ही वर्गणी काढून देऊ.

जाताना आधार कार्ड, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि बँक पासबुक न्या. ओटीपी ईमेलवरही येतो, तेव्हा ईमेलचा पासवर्ड घरूनच विचारून घ्या.