लंडनमधल्या ईस्ट हॅमच्या बेटिंग शॉपमधलं रुलेट मशीन, काउंटरच्या आतून बघितलेलं

मशीनला १ स्टार. त्यावर आलेल्या एका डावाला २ पाउंडाच्या लिमिटला ४. का ते सांगतो, जरा लांबेल.

२०१८ मध्ये मास्टर्सला आलो तेव्हा ईस्ट हॅममधल्या एका बेटिंग शॉपच्या, म्हणजे कायदेशीर जुगाराच्या दुकानाच्या, काउंटरवर काम करायचो, आठवड्याला २० तास, स्टुडंट व्हिसावर तेवढंच चालायचं. दुकानाचं नाव देत नाही. कायद्याने एका दुकानात ४ च मशीनं ठेवता येतात, मग कंपन्यांनी काय केलं तर एकाच रस्त्यावर दुकानंच वाढवली. भिंतीवर घोड्यांच्या रेसचे टीव्ही दिवसभर चालू, पण गर्दी सगळी त्या ४ मशीनांपाशी.

तेव्हा रुलेटवर (फिरत्या चक्रावर आकडा लावायचा जुगार) एका डावाला १०० पाउंडापर्यंत लावता यायचे आणि डाव २० सेकंदांचा. म्हणजे मिनिटाला ३०० पाउंड. आपल्याकडे मटका लावणारा माणूस निदान ओपन क्लोजची वाट तरी बघत बसायचा हो, तेवढ्यात घरी जाऊन जेवून यायचा, डोकं ठिकाणावर यायला वेळ मिळायचा. इथे २० सेकंद.

एक काका यायचे शुक्रवारी, पगार झाला की थेट, बुटांवर प्लास्टर तसंच. ५० च्या वर लावायचं तर २०१५ पासून नियम होता, एकतर अकाउंट उघडा नाहीतर काउंटरवर येऊन पैसे भरा. काकांनी अकाउंट उघडलं नव्हतं, घरी कळेल म्हणून. मग नोटा घेऊन माझ्याकडे यायचे, हाताने एकेक नोट काउंटरवर सपाट करून ठेवायचे आणि मी आतून मशीनवर लोड करायचो. एका संध्याकाळी सात वेळा आले. सातव्या वेळी नोटा एका पाकिटातून काढल्या, पाकिटावर मुलीचं नाव आणि शाळेच्या ट्रिपचं लिहिलेलं. मी म्हटलं काका आज राहू द्या, चहा करतो. ते म्हणाले, तू लोड कर बेटा. आणि मी केलं. दुकानात एकटाच होतो, नाही म्हणायची हिंमत झाली नाही, ते अजून सलतं मला.

१ एप्रिल २०१९ पासून १०० चे २ पाउंड झाले. सहज नाही झालं ते, आमचं न्यूहॅम कौन्सिल (इथली महापालिका) २०१४ पासून मागे लागलेलं, सोबत ९० हून जास्त कौन्सिलं. सरकार तारीख ऑक्टोबरवर ढकलायला निघालं तेव्हा जुगाराचं खातं बघणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामाच दिला, मग एप्रिल ठरला.

कंपन्या ओरडत होत्या की दुकानं बंद पडतील, नोकऱ्या जातील. ते खोटं नव्हतं. विल्यम हिलने त्याच जुलैमध्ये ७०० च्या आसपास दुकानं बंद करायचं जाहीर केलं, ४५०० लोकांच्या नोकऱ्या धोक्यात. आमची कंपनी वेगळी, पण आमच्या दुकानालाही कुलूप लागलं, दोन महिने मला काम नव्हतं, भाड्याला घरून पैसे मागवले, आईला कारण सांगताना जीव नकोसा झाला. तरी मी म्हणतो लिमिट बरोबर होतं. ती नोकरी त्या पाकिटावर चालत होती.

मग एक स्टार का कापला? एक तर त्याच मशीनवर स्लॉट, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायचे खेळ, पण आहेत, तिथे २ च पाउंड, पण डाव अडीच सेकंदांचा, न थांबता दाबत राहिलं तर मिनिटाला ४८ पाउंड होतात, हे कोणी बोलतच नाही. आणि दुसरं म्हणजे फोन. मशीनवरचा बुडणारा टॅक्स भरून काढायला सरकारने ऑनलाइन गेमिंगवरचा टॅक्स १५ वरून २१ टक्के केला, म्हणजे पुढचा पैसा कुठून येणार याचा अंदाज त्यांना होताच, पण ऑनलाइन स्लॉटवर लिमिट यायला २०२५ उजाडलं, एप्रिलमध्ये ५ पाउंड आणि मे महिन्यात १८ ते २४ वयाच्या पोरांना २ पाउंड. सहा वर्षं! ऑनलाइन रुलेटला तर ते लागूच नाही.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात डोकावलो. चारपैकी दोन मशीनं रिकामी, तिसऱ्यासमोर एक पोरगा, एक हात मशीनच्या बटणावर आणि दुसऱ्या हातात फोन, फोनवर पण तेच फिरतंय.

इकडे कोणाचा भाऊ, फ्लॅटमेट यात अडकला असेल तर एक लक्षात ठेवा, दुकानांतून स्वतःला बंद करून घ्यायची नोंदणी वेगळी आणि ऑनलाइनसाठीचं गॅमस्टॉप (GAMSTOP) वेगळं, एक केलं की दुसरं आपोआप होत नाही. गॅमस्टॉप फुकट आहे, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं, ५ च निवडायला सांगा. बँकेच्या अॅपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असतो तो पण चालू करून घ्या, शेजारी बसून, पगाराच्या आदल्या दिवशी.