काम काढलंय: घरातच राहायचं की चार महिने बाहेर?

आमच्या घराचं काम दोनदा निघालं. २०११ मध्ये आम्ही घरातच राहिलो, २०२३ मध्ये दोन गल्ल्या सोडून भाड्याने गेलो. त्यामुळे ओळखीत कुणी काम काढणार असलं की मला फोन येतो. परवा मेहुण्याचा आला. त्यांचा फ्लॅटही आमच्यासारखाच जुना, घरात सासूबाई, आणि घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढलं.

आमचं घर कोथरूडला, १९८५ च्या इमारतीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, मोझॅकच्या फरश्या, कडप्प्याचा ओटा. संडास एक, मोरी एक. धूळ होते, आवाज होतो, मिस्त्री सांगतो त्याच्या दुप्पट दिवस लागतात, हे जुन्या घरात राहणाऱ्याला मी काय सांगणार? ते दोन्हीकडे होतंच.

आधी घरात राहण्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लोक समजतात तितकी पडकी नाही.

काम चालू असताना घरात माणूस असणं याला पर्याय नाही. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना दिवसातून वीस वेळा काहीतरी विचारायचं असतं. विचारायला कुणी नसलं तर ते थांबत नाहीत, त्यांच्या अंदाजाने करून मोकळे होतात. २०११ मध्ये मोरीचा नळ कुठे घ्यायचा हे आईने ठरवलं होतं. तिने आपली नेहमीची बादली आणून भिंतीला लावली, कडी उभी धरली आणि त्याच्या वर चार बोटं मोजून प्लंबरला म्हणाली, "इथे." त्याने पेन्सिलने खूण केली. बारा वर्षं त्या नळाखाली बादली सरळ बसत होती.

स्विचबोर्डांचंही तेच. इलेक्ट्रिशियन भिंतीला झिऱ्या (वायरसाठीच्या खाचा) मारायला लागला तेव्हा बायको समोर उभी होती. कपाट कुठे येणार, मिक्सर कुठे लावणार, देवघराचा दिवा कुठे, सगळं तिने जागेवर दाखवलं. एकदा प्लास्टर झालं की हे सांगायची सोय राहत नाही.

पैसाही वाचतो. आणि स्वयंपाकघराला हात लागलेला नसेल तर घरचं जेवण मिळतं. कामाच्या दिवसांत ही गोष्ट भाड्याइतकीच मोलाची वाटते.

मग बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, घरात राहायचं म्हटलं की काम तुकड्यातुकड्याने होतं. एक खोली रिकामी करायची, सामान दुसरीत रचायचं, ती झाली की उलट. म्हणजे गवंड्याचं काम सलग होत नाही. तो चार वेळा येतो आणि प्रत्येक खेपेला तो येईलच याची खात्री नसते. आमचा गवंडी लातूरकडचा, माणूस चांगला, हात सफाईदार. आम्ही काम काढलं जूनमध्ये (हा मूर्खपणा कृपया करू नका). पाऊस झाला आणि तो पेरणीला गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला, आला तीन आठवड्यांनी. तोवर हॉलमध्ये गाद्यांचा ढीग, त्यावर पुस्तकं, त्यावर इस्त्रीचे कपडे, आणि नखं कापायचं यंत्र कुठल्या खोक्यात आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. ते यंत्र शेवटी मी नवीन आणलं.

तुकड्यातुकड्याने काम करण्याचा आणखी एक तोटा उशिरा कळला. आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीच्या टाइल एकदम घेतल्या नाहीत, ठेवायला जागाच नव्हती. दुसऱ्या खेपेला त्याच कंपनीची, त्याच नंबरची टाइल आणली, पण लॉट वेगळा. दुकानदार म्हणाला, "लावल्यावर कळत नाही." सकाळचं ऊन आलं की अजूनही कळतं.

हे सगळं मी सोसलं असतं. उन्हाने दिसणाऱ्या टाइलसाठी कुणी घर बदलत नाही. गाडी अडली ती दुसरीकडेच.

२०११ चं काम मुळात निघालं ते खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून. जुन्या इमारतींत संडासाखालचा स्लॅब खोलगट असतो आणि तो विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरच्या फरशीचे सांधे उघडे पडले की पाणी त्या भरावात मुरतं आणि वाट मिळेल तिथून खाली उतरतं. वरून सिमेंट चोपडून भागत नाही. संडासाचं भांडं काढायचं, फरशी फोडायची, भराव उपसायचा, राडारोडा पोत्यांत भरून तीन मजले खाली न्यायचा, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, मग पाणी तुंबवून ठेवायचं आणि दोन-तीन दिवस खालच्यांच्या छताकडे बघत बसायचं. ते कोरडं राहिलं तर पुढे कोबा, टाइल, भांडं. मिस्त्री म्हणाला आठ दिवस. लागले एकोणीस.

एकोणीस दिवस घरात संडास नाही.

समोरच्या काकूंनी आपणहून सांगितलं, "आमचा वापरा, त्यात काय एवढं!" नुसतं सांगितलं नाही, किल्ली आणून दिली. इतकं चांगलं शेजार मिळणं भाग्याचं, यात वाद नाही. पण त्यांच्याकडे गेलं की त्या चहा ठेवत. नको म्हटलं तर वाईट वाटून घेत. मी ऑफिसला जाणारा, मुलगा तिसरीत, आम्ही दोघं कसंही निभावून न्यायचो. मी तर ऑफिसात अर्धा तास आधी पोचायला लागलो. बायको सकाळी एकदाच जाऊन यायची आणि चहा पिऊन यायची. आई काय करते याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आई तेव्हा सदुसष्टची. पंधरा दिवसांनी तिला ताप आला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला पाणी किती पिता?" ती गप्प. घरी आल्यावर खोदून विचारलं तेव्हा कळलं, दुपारी चारनंतर तिने पाणी पिणं बंद केलं होतं. संध्याकाळचा चहासुद्धा नकोसा झालाय म्हणून सांगायची आणि आम्ही ते खरं मानलं होतं. "किल्ली होती ना गं आपल्याकडे," मी म्हणालो. तर म्हणाली, "किल्ली आहे म्हणून रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या घरात शिरायचं?"

माझा तराजू तिथेच झुकला, हे उघड सांगतो. पुढचं सगळं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

त्या वर्षी गणपती १ सप्टेंबरला होते. तोवर संडास झाला होता, बाकी अर्धं राहिलं होतं. दीड दिवसाचा गणपती आम्ही सिमेंटच्या पोत्यांना चादर झाकून त्यांच्या शेजारी बसवला. आरतीला आलेल्यांनी चप्पल बाहेर काढू की घालूनच येऊ, असं विचारलं. आता हसू येतं.

२०२३ मध्ये उरलेलं सगळं एकदम काढलं: ओटा, घरभर फरशी, वायरिंग, खिडक्या, स्वयंपाकघर आणि मोरीचे पाइप, रंग. दिवाळी झाली आणि डिसेंबरमध्ये आम्ही बाहेर पडलो.

भाड्याचं घर मिळवणं हीच पहिली कटकट. चार महिन्यांसाठी कुणी घर देत नाही. करार अकरा महिन्यांचाच होतो. आम्ही मालकांना खरं काय ते सांगितलं आणि एका महिन्याच्या नोटिशीची अट करारात घालून घेतली. दोन-तीन ठिकाणी नकार आला, मग एक वन बीएचके मिळालं, १८,००० भाड्याने. कराराची नोंदणी करावीच लागते, ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे तो खर्च किरकोळ. खरी चाट दलालीची, एक महिन्याचं भाडं. टेम्पो आणि हमाल दोनदा. शिवाय स्वतःच्या घराचा मेंटेनन्स चालूच. सगळं धरून लाखाच्या थोडं वर गेलं. हा आकडा ऐकून मेहुणा फोनवर काही क्षण बोललाच नाही.

त्या लाखात काय मिळालं? घर पूर्ण रिकामं असल्याने इलेक्ट्रिशियन एका खोलीत झिऱ्या मारतोय आणि फरशीवाला दुसऱ्या खोलीत, असं एकाच वेळी चाललं. टाइल सगळ्या एकदम घेतल्या, एकाच लॉटच्या, बेडरूममध्ये रचून ठेवल्या. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते. तेव्हा कामगार हॉलमध्ये आडवे व्हायचे, आमची त्यांना आणि त्यांची आम्हाला अडचण नाही. मिस्त्री आला नाही तर चिडचिड व्हायची, पण फोनवर. २०११ मध्ये तो न आलेला दिवस म्हणजे सगळ्यांनी पहाटे उठून आंघोळी उरकलेल्या, सामान हलवलेलं, पाणी बंद करून ठेवलेलं, आणि साडेदहा वाजता सगळे एकमेकांकडे बघतायत. तसा दिवस या खेपेला एकही आला नाही. कामाचे दिवस मी काही वहीत मोजले नाहीत, पण या वेळी काम जास्त असूनही मला ते लवकर संपल्यासारखं वाटलं. पावसाळा नव्हता, हेही त्याला कारण असेल.

आणि आई. एकोणऐंशीची, गुडघे दुखणारे. भाड्याच्या घरात तिच्या खाटेपासून चार पावलांवर संडास होता. उशाशी तांब्या-भांडं असायचं आणि सकाळी तांब्या रिकामा असायचा.

आता तोटा. आम्ही रोज संध्याकाळी चक्कर मारायचो, पण संध्याकाळची चक्कर म्हणजे झालेलं काम बघणं. होताना बघणं वेगळं. मोरीत २०११ चं वॉटरप्रूफिंग चांगलं होतं, ते फोडायला नको म्हणून जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवायची ठरली. बरोबरच होतं. पण त्यात उतार काढायला खाली माल घातला आणि जमीन दीड इंच वर आली. नळ होता तिथेच राहिला, कारण त्याला हलवा असं कुणी सांगितलंच नाही. आम्ही ९ एप्रिलला, पाडव्याला परत राहायला आलो. गुढी उभारली, आई आंघोळीला गेली आणि आतून हाक आली. बादली नळाखाली जात नव्हती. तोवर भिंतीच्या टाइल लागून ग्राउटिंगसुद्धा झालेलं. अजूनही आमच्याकडे बादली तिरकी धरून भरतात.

असंच एक स्विचबोर्ड कपाटाच्या मागे गेलंय. त्याबद्दल बायकोसमोर बोलत नाही.

बायकोचं मत माझ्याहून वेगळं आहे, तेही सांगायला हवं. ती म्हणते, या वेळी संडास जेमतेम आठवडाभर बंद होता, तेवढ्यासाठी लाख रुपये घालवले. आठवडाभर आईंना नणंदेकडे ठेवलं असतं आणि आपण घरी राहिलो असतो तर नळही वर गेला असता. असेल. पण आठवडा म्हणजे आठवडाच, हे २०११ मध्येही कुणीतरी सांगितलं होतं.

तेव्हा मेहुण्याला मी एवढंच विचारलं, घरात संडास किती? दोन असतील आणि ते पाळीपाळीने करता येणार असतील, तर घरात राहून बघायला हरकत नाही. नुसता रंग किंवा नुसता ओटा असेल तर बाहेर जाण्यात अर्थच नाही. घरात कुणाला दमा असेल तर मात्र टाइल आणि ग्रॅनाइट कापताना जी धूळ उडते तिच्यात त्या माणसाला ठेवू नका. ती साधी धूळ नसते, तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. संडास एकच असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर मी आपला बाहेर जा म्हणेन. शेजारी कितीही चांगले असोत. किंबहुना शेजारी जितके चांगले तितका संकोच जास्त.

गेलात तर चालत जाता येईल अशा अंतरावर जा. स्वस्त मिळतंय म्हणून लांब गेलात तर आठवड्यातून दोनदा चक्कर होईल आणि स्विचबोर्ड कपाटामागे जातील. दिवसातून एकदा जमणार असेल तर संध्याकाळी जाऊ नका, सकाळी दहाला जा. तेव्हा माणसं आलेली असतात आणि काम अजून सुरू झालेलं नसतं, विचारायचं ते तुम्हाला विचारतात. झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो.

आणि निघताना घरातली रोजची बादली मोरीत ठेवून जा. मिस्त्री ती सिमेंट कालवायला घेईल, घेऊ दे. नळ बसवायच्या दिवशी ती तिथे असली म्हणजे झालं.