रूट रॅममध्ये ठेवून निक्सओएस: काही महिन्यांनंतर

निक्सओएस हे लिनक्सचं एक रूप; त्यात सगळी सिस्टिम एका कॉन्फिग फाइलीत लिहून ठेवतात. गेले काही महिने माझ्या लॅपटॉपवरच्या निक्सओएसचं रूट, म्हणजे सगळ्या फोल्डरांचं मूळ '/', टीएमपीएफएसवर आहे, म्हणजे थेट रॅममध्ये. मशीन बंद केलं की '/' साफ. डिस्कवर उरतात मुख्यतः '/बूट', '/निक्स', होम आणि टिकवायच्या गोष्टींसाठी मी बनवलेलं '/पर्सिस्ट'. निक्सओएसला बूट व्हायला पहिल्या दोन जागा पुरतात. '/एटीसी' (सिस्टिमच्या सेटिंगचं फोल्डर) वगैरे ते दर वेळी कॉन्फिगमधून नव्याने उभं करतं. उबुंटूसारख्या साध्या लिनक्सवर हे इतक्या सहज जमणार नाही.

काय टिकवायचं, ती यादी 'इम्पर्मनन्स' मॉड्यूलमध्ये लिहायची; त्या गोष्टी ते '/पर्सिस्ट'मध्ये ठेवून जागच्या जागी दाखवतं. सगळी डोकेदुखी इथेच. हेडफोन रोज नव्याने पेअर करावे लागले की '/व्हार/लिब/ब्लूटूथ' आठवतं. मशीन-आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) टिकवाच, कारण जर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीचे, लॉग त्याच नावाच्या फोल्डरमध्ये जातात. आयडी दर बूटला बदलला तर ते लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल कमांड कालचं काही दाखवत नाही. '/व्हार/लिब/निक्सओएस' पटकन लक्षात येत नाही, पण युजर आणि ग्रुपचे नंबर तिथे नोंदलेले असतात. ते गेले तर एका सर्व्हिसच्या फाइली भलत्याच सर्व्हिसच्या मालकीच्या दिसू शकतात.

पासवर्ड साठवणारी '/एटीसी/शॅडो' फाइलही उडते, म्हणून पासवर्ड कमांडने बदलण्यात अर्थ नाही. पासवर्डच्या हॅशची (सांकेतिक रूपाची) फाइल '/पर्सिस्ट'मध्ये ठेवायची आणि ते पार्टिशन बूटच्या सुरुवातीलाच माउंट होईल असं सांगायचं. आणि हो, सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) दर बूटनंतर तेच जबाबदारीचं प्रवचन ऐकवतं, कारण आधी ऐकवल्याची खूणही पुसलेली असते. ते सेटिंगमधून बंद होतं.

सगळ्यात चिवट त्रास सुट्या फाइलींचा. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी सरकवतात. जुनी फाइल बाइंड माउंट असेल, म्हणजे '/पर्सिस्ट'मधली फाइल तिथे जोडून दाखवलेली असेल, तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून नकार मिळतो. म्हणून जमेल तिथे अख्खं फोल्डरच टिकवलेलं बरं.

रॅमचं विचाराल तर टीएमपीएफएसची मर्यादा मुळात निम्म्या रॅमइतकी असते, पण जागा वापरली तेवढीच जाते. रोजच्या कामात काही जाणवत नाही. मोठं काही कंपाइल करताना मात्र '/टीएमपी' (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) भरून जागा संपायची, म्हणून ते मी डिस्कवर हलवलं. होमही डिस्कवरच आहे. ब्राउझरच्या प्रोफाइलची फोल्डरं एकेक करून यादीत घालत बसण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

एवढा खटाटोप करूनही मी हे सोडत नाही ते या यादीसाठीच. आपल्या मशीनवर जपण्यासारखं नेमकं काय आहे, हे पहिल्यांदाच एका फाइलीत दिसतंय, आणि बॅकअपला '/पर्सिस्ट' व होम पुरे होतं. बंद करण्याआधी 'फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप एफ' ही फक्त रूटवरच्या फाइली शोधणारी कमांड चालवली की आज रॅममध्ये काय काय साचलं तेही कळतं.

आता घरचा छोटा सर्व्हर याच पद्धतीवर न्यायचाय. तिथे पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो, त्यामुळे त्याचं डेटा फोल्डर यादीत आहे की नाही हे रीबूटच्या आधी दोनदा बघणार.