हाल साफ्लिएनी हायपोजियम, माल्टा : तिकीट घ्याच, पण आधी व्हॅलेटाचं संग्रहालय बघा

हायपोजियम म्हणजे जमिनीखालची प्रागैतिहासिक दफनभूमी. पाओला गावातल्या साध्या घरांच्या रांगेत या जागेचं दार आहे. बाहेरून काहीच कळत नाही. आत मात्र जमिनीखाली तीन मजले खडकात कोरलेले आहेत, सगळ्यात खालचा सुमारे १० मीटर खोल. काळ साधारण इ.स.पू. ४००० ते २५००. इथे अंदाजे ७,००० माणसांचे अवशेष असावेत असं मानलं जातं. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना मजुरांना हे सापडलं. पहिलं उत्खनन फादर मॅन्युएल माग्री यांनी केलं, पण १९०७ मध्ये ते वारले आणि त्यांच्या नोंदी हाती लागल्या नाहीत. पुढचं काम पुरातत्त्वज्ञ थेमिस्टॉकलीस झामिट यांनी केलं. आज तळघराबद्दल जे प्रश्न अर्धवट राहिलेत, त्याचं मोठं कारण या हरवलेल्या नोंदी.

खरी अडचण तिकिटाची. तासाला फक्त १० जण, दिवसाला ८ फेऱ्या, म्हणजे रोज ८० माणसं. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. माणसांच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड चुनखडीला आणि भिंतींवरच्या गेरूच्या रंगाला मारक, आणि दिव्यांच्या उजेडात शेवाळ धरतं. म्हणूनच १९९०च्या दशकात जागा बंद ठेवून २००० मध्ये नव्या नियमांसह उघडली, आणि हवा नियंत्रित करणारी यंत्रणा बदलायला पुन्हा बंद केली ती २०१७ मध्ये उघडली. त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी हेरिटेज माल्टा या वारसास्थळं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख बघा. उन्हाळ्यात काही आठवडे आधीच जागा संपतात. ऑनलाइन काहीच उरलं नसेल, तर दुसऱ्या दिवसाच्या मोजक्या फेऱ्यांची थोडी तिकिटं राजधानी व्हॅलेटातल्या फोर्ट सेंट एल्मो किल्ल्याच्या खिडकीवर मिळतात. ती महाग असतात, स्वतः जाऊनच घ्यावी लागतात, आणि सकाळी लवकर गेलात तरच काही खरं. ६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. उशीर झाला की फेरी गेलीच समजा.

आत जाताना बॅग आणि फोन बाहेर ठेवावा लागतो, फोटोला बंदी आहे. आधी छोटं प्रदर्शन आणि फिल्म, मग कानाला ऑडिओ गाइड लावून खाली. आणि इथेच आमची तक्रार. निवेदन आणि दिवे एकाच तालावर चालतात, म्हणजे एखाद्या छतापाशी थांबावंसं वाटलं तरी उजेड पुढच्या दालनात सरकलेला असतो. म्हणून काय बघायचं हे आधीच ठरवून जा. दोन गोष्टी चुकवू नका. एक, ज्याला 'होली ऑफ होलीज' म्हणतात त्या दालनाचं तोंड: दोन उभे खांब आणि आडवी तुळई, वर एकावर एक पुढे येत जाणारे दगडी थर. हे थर खरे रचलेले नाहीत, अखंड खडकात बांधकामाची नक्कल कोरली आहे. माल्टात त्याच काळात जमिनीवर बांधलेल्या मंदिरांची छपरं आज शिल्लक नाहीत, त्यामुळे ती कशी असावीत याचा उत्तम पुरावा हाच. आणि हे सगळं धातूविना, गारगोटी आणि शिंगांच्या हत्यारांनी. दुसरी, गेरूने रंगवलेली सर्पिल वळणं असलेली छतं. 'ओरॅकल रूम'मध्ये खर्जातला आवाज घुमतो हे खरं. पण तो मुद्दाम घुमावा म्हणूनच खोली कोरली, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

जिने अरुंद आहेत, उजेड कमी. गुडघे दुखणाऱ्यांना आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांना ही फेरी सुखाची नाही.

आता क्रम. 'झोपलेली बाई' ही सुमारे १२ सेंटीमीटरची मातीची मूर्ती हायपोजियममध्ये सापडली, पण ती बघायला मिळते व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात. अनेकजण ती पाओलात शोधतात आणि हिरमुसतात. त्याच काळातली तार्शीनची मंदिरं हायपोजियमपासून पायी गाठता येतात, पण तिथले बरेचसे नक्षीदार दगड प्रतिकृती आहेत, मूळ दगड व्हॅलेटात. म्हणून सकाळी संग्रहालय, मग तार्शीन, शेवटी हायपोजियम. उलटा क्रम लावलात तर तळघरात जे दिसतं त्याचा संदर्भच लागत नाही. तार्शीनमध्ये दगडी गोळे नजरेत भरतात. मोठे दगड सरकवायला ते वापरले असावेत, असा तर्क आहे.

दुसरा दिवस हाजार ईम आणि म्नायद्रा या प्राचीन मंदिरांसाठी ठेवा. दोन्ही दक्षिण किनाऱ्यावर, एकमेकांपासून साधारण अर्धा किलोमीटर. हाजार ईम मऊ ग्लोबिजेरिना चुनखडीचं, म्हणून वारा आणि खाऱ्या हवेने ते जास्त झिजलं. म्नायद्राच्या बाहेरच्या भिंतींना कठीण कोरल चुनखडी आहे, तिथे फरक डोळ्यांनी दिसतो. २००९ पासून दोन्हींवर तंबू आहेत. फोटो बिघडतात खरे, पण दगड टिकतात. विषुवदिनी सूर्योदयाचा किरण म्नायद्राच्या दक्षिण मंदिराच्या मुख्य दारातून सरळ आत जातो. त्या पहाटेची मोजकी तिकिटं वेगळी विकली जातात. ढग आले तर मात्र नुसतंच लवकर उठणं होतं.